भाऊजींच्या नावापुढचा प्र.

तीर्थरूप मामांना (शब्द मुद्दाम पूर्ण लिहिला आहे, टिंब दिलेल्या अक्षरांचा या घराने धसका घेतला आहे) भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला असेल. आम्ही सारे बरे आहोत. धाकटे भाऊजी तेवढे तोंड पाडून गच्चीवर बसतात.

झाले असे, की भाऊजींच्या साबणाच्या कारखान्यात पॅकिंगचे साहेब पाठीच्या दुखण्याने रजेवर गेले आणि त्यांच्या जागी भाऊजींना बसवल्याचा कागद आला. त्यावर लिहिले होते, 'प्र. विभागप्रमुख'. आता प्र. म्हणजे प्रभारी, साहेब येईपर्यंतचा, हे कुणालाही कळेल. भाऊजींनी मात्र प्र. म्हणजे प्रधान असे ठरवून टाकले. नुसते प्रमुख नव्हे, प्रमुखांतले प्रधान. (चार वर्षे वजनकाट्यापाशी बसलेला माणूस हो.) जेवताना शब्दकोश उघडून आम्हाला ऐकवले, की 'प्र' हा संस्कृतातून आलेला उपसर्ग, अर्थ पुढे, अधिक, श्रेष्ठ; गती काय सगळ्यांनाच असते, प्रगती एखाद्याचीच होते. सासऱ्यांनी जन्मभर व्याकरण शिकवलेले. ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "लाप म्हणजे बोलणे. त्याला प्र लावला की प्रलाप, म्हणजे बरळणे." भाऊजींनी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी दारावर पितळी पाटी लागली, प्र.सकट, आणि ती रोज घासायचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

कारखान्यात तर कहरच. साहेबांची खुर्ची खिडकीपाशी सरकवली, त्यांची पाठीमागची उशी कपाटात कोंबली आणि फर्मान काढले, की आपण आत आलो की सगळ्यांनी उठून उभे राहायचे. पॅकिंगच्या बायका बिचाऱ्या उभ्या राहिल्या, पण साबण वाहून आणणारा पट्टा कुणासाठी उभा राहतो? वड्या कागदाशिवायच भराभर खाली पडू लागल्या. भाऊजी त्या घसरड्यात शिस्तीवर बोलत असतानाच कमरेला पट्टा बांधून साहेब दारात उभे. ओरडले नाहीत, काही नाही. खुर्चीकडे बघून एवढेच म्हणाले, "प्रभारी, जरा सरकता का?" सगळ्या विभागाने ऐकले. तेव्हापासून भाऊजी पुन्हा काट्यापाशी, आणि घरी कुणी 'प्रकृती' म्हटले तरी उठून जातात. एका अक्षराने एवढा फुगणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

तुमची भाची

ता. क. पत्राचे खरे कारण हे. तुम्ही भाऊजींसाठी सुचवलेल्या मुलीकडची मंडळी रविवारी येणार आहेत. त्यांच्याकडे प्र.चा विषय तुम्ही काढू नका. आम्हीच सांगू, पण आधी त्यांना माणूस बघू द्या. माणूस वाईट नाही. मी आजारी होते तेव्हा सगळ्यांची धुणी त्यांनीच धुतली.

आणखी एक. तुमच्या पत्रात मुलगी 'उ. ग्रंथपाल' असल्याचे लिहिले आहे. हा उ. उपग्रंथपालाचा, की अजून उमेदवारीच चालू आहे? लवकर कळवा. भाऊजींनी त्याचा अर्थ 'उत्तम' असा लावला आहे.