वीस पौंडांची की एकशे पंच्याण्णवची

२ मे
माझ्या नवऱ्याला, रॉयला, दोन गाड्या सापडल्या! दोन्ही प्रिचर्डच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात, एकाच कंपनीच्या, इंजिन तेच, रंगही तोच करडा. एक बुटकी, दुसरी जराशी उंच. बुटकीचा वर्षाचा रस्ताकर वीस पौंड. उंच गाडीचा एकशे पंच्याण्णव! कारण काय, तर बुटकीची नोंदणी मार्च २०१७ मधली, उंच गाडीची मे मधली, आणि नियम बदलला मधल्या एप्रिलमध्ये. रॉय दिवसभर खुशीत आहे. त्याला असं काही सापडलं की घर कसं छान वाटतं.

३ मे
त्याला बुटकी हवी, मला उंच. यंदाच्या मार्चमध्ये आमच्या जुन्या, खालच्या सीटच्या गाडीतून उतरताना तो सुपरमार्केटसमोर पडला. अनोळखी लोकांनी उचललं. तेव्हापासून घराबाहेर पडायचं नावच काढत नाही. पाय ऐकत नाहीत आणि हे तो मान्य करत नाही.

खरं तर अपंगांना हा कर माफ असतो. अर्ज कर म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवतो. "ते खरोखरच्या अपंगांसाठी असतं, गेनर." आयुष्यभर बस चालवलेला माणूस! मला भीती वाटते, बुटकी घेतली तर हा कायमचा घरात बसेल.

७ मे
आता मायलेज. कागदावर बुटकी गॅलनला पासष्ट मैल, उंच अठ्ठावन्न. कागदावर विश्वास ठेवायचा नाही म्हणे. टाकी काठोकाठ भरायची, समुद्रकाठच्या पोर्थकॉलला जाऊन यायचं, परत काठोकाठ भरायची. पेट्रोल विकतात लिटरनं, मैल मोजायचे गॅलननं — या देशाला कुणी विचारायचं! प्रिचर्डनं दोन्ही गाड्या न्यायला दिल्या. जुनी ओळख, शिवाय रॉयच्या बसनं शाळेत जायचा तो.

११ मे
बुटकी नेली. गाडी मी चालवली, तोंड त्यानं. गिअर लवकर बदल, ब्रेकवरून पाय काढ, पुढचा दिवा लाल होणार आहे. अशा वेळी त्याला गाडीतून उतरवून द्यावंसं वाटतं.

उतरला मात्र नाहीच. समुद्र काचेतून बघितला. बटाट्याचे गरम चिप्स मीच आणले, भरपूर व्हिनेगर घालून, मांडीवर ठेवून खाल्ले. इथूनच जास्त छान दिसतं म्हणाला. बरं.
गॅलनला एक्कावन्न मैल!

१२ मे
पाऊस. गाडीत अजून व्हिनेगरचा वास. परत दिली तेव्हा प्रिचर्डनं हसून किल्ली घेतली.

१५ मे
उंच गाडी. त्यानं दार उघडलं, पाय बाहेर ठेवले आणि उभा राहिला. मला हाक न मारता! काठी टेकत समुद्राच्या कठड्यापर्यंत गेला. वाऱ्यानं टोपी उडाली, एका बाईच्या कुत्र्यानं पकडली. रॉय इतका हसला की त्याला कठडा धरावा लागला. किती दिवसांनी! मीही हसले, मग उगाचच रडू आलं. वारा फार आहे म्हटलं.

सत्तेचाळीस मैल. घरी येऊन गणित मांडून बसला. पेट्रोल थोडं जास्त, कर कितीतरी जास्त, म्हणजे बुटकीच. "पैसे वाऱ्यावर सोडायचे का?" मी म्हटलं, घे तुला हवी ती. भांडायचं नव्हतं. दिवस एवढा सुंदर गेला होता.

१७ मे
सकाळी प्रिचर्डकडे. तो बुटकीचे कागद काढायला लागला. रॉय म्हणाला, "ती नको. उंच द्या." प्रिचर्ड भला माणूस, त्यानं कराची आठवण करून दिली. रॉय काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाला, "मला कर माफ आहे. कालच मंजुरीचा फोन आला. मी अपंग आहे."

अर्ज त्यानं मला न सांगता नाताळातच, पडण्याच्याही आधी, केला होता, हे मला तिथंच कळलं.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.