सतरा डिसेंबरची क्षेत्रभेट

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. संध्याकाळी.
उद्यापासून मी नववी ब ला इतिहास शिकवणार. मंगळवार आणि शुक्रवार, एकेक तास. ह्यांची जागा (शाळेत सगळे सोपान सर म्हणत) हे गेल्यापासून रिकामी आहे. दोन वर्षं चार महिने. जूनपासून तर नववी ब चं इतिहासाचं पुस्तक कोणी उघडलेलंच नाही.
मुख्याध्यापिका अनिता मॅडम म्हणाल्या, तुम्ही सातवी शिकलेल्या, नववीला कसं जमेल? मी म्हटलं, सातवीपर्यंत शाळेत शिकले, पुढचं ह्यांच्या कपाटात. तेवीस वर्षं पुस्तकं पुसता पुसता वाचली. वाळवी लागलेलं सुद्धा सोडलं नाही. मॅडम गप्प बसल्या. पटलं असणार.
नवीन शिक्षक येईपर्यंतच हं, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी एकदाच ऐकलं.
संकल्प: पुस्तक वाचून दाखवायचं नाही. कोणाला जांभई येऊ द्यायची नाही. वर्गात ह्यांचा विषय काढायचा नाही. मला रडू येत नाही, पण मुलांना येईल.
ह्यांचा चष्मा लावून पहिला धडा वाचला. नंबर जुळतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
पहिला तास उत्तम. धडा पहिला, इतिहासाची साधने. लिखित साधन, भौतिक साधन, मौखिक साधन. मुलं मला सरकाकू म्हणतात. सरकार अधिक काकू. आदर दिसतो.
मागच्या बाकावरचा आकाश डोळे मिटून ऐकत होता. किती एकाग्रता. शेवटी शेवटी तोंडही उघडं पडलं.
अनिता मॅडमनी टाचण वही मागितली. काय शिकवणार ते आधी वहीत लिहायचं आणि शनिवारी त्यांची सही घ्यायची. मला टाचण कोणी शिकवू नये. तीस वर्षं टाकव्यातल्या बायकांचे ब्लाउज शिवतेय. कापड आधी कच्च्या टाक्यांनी टाचायचं, मग मशीनवर घ्यायचं. तेच हे.

१२ नोव्हेंबर.
कपाटातून ह्यांच्या टाचण वह्या काढल्या. नऊ निघाल्या, २०१४ ते २०२२. त्याआधीच्या मीच रद्दीत घातल्या. तेव्हा मला इतिहासाचं महत्त्व कळत नव्हतं.
नऊही वह्यांत एक नोंद सापडली. १७ डिसेंबर. क्षेत्रभेट: बेडसे लेणी. विद्यार्थ्यांनी आनंदाने भाग घेतला. दर वर्षी तीच तारीख, तेच शब्द. काय ही शिस्त!
सतरा डिसेंबर आमच्या लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी हे साडेअकरालाच घरी यायचे आणि आम्ही एसटीने वलवणला जायचो. धरणाच्या बाजूला बसून भाजलेल्या शेंगा खायचो. म्हणजे सकाळी मुलांना घेऊन चारशे पायऱ्या, आणि दुपारी वलवण. त्या दिवशी पाय दुखतात असं कधी म्हणाले नाहीत. क्षेत्रभेटीचं तर घरी अवाक्षर नाही. मिरवायची सवयच नव्हती.
ठरलं. येत्या सतरा डिसेंबरला दहावी क्षेत्रभेट मी नेणार. तोपर्यंत वर्ग हातातून जाऊ द्यायचा नाही. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, बघू. बघू म्हणजे हो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
भौतिक साधने. प्रत्यक्ष अनुभव दिला. काल शाळेमागे जाऊन ह्यांचा पितळी डबा पुरून आले होते. आज वर्गाला कुदळी दिल्या आणि सांगितलं, करा उत्खनन.
डबा सापडला नाही. शाळेच्या नळाचा पाइप सापडला, तोही फुटून. पाणी थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या खिडकीपर्यंत उडालं. मी प्रसंगावधान राखून प्राचीन जलव्यवस्थापन शिकवलं. मुलं आनंदाने भिजली.

१५ नोव्हेंबर.
मॅडम म्हणाल्या, यापुढे वर्गाबाहेर काही नाही. ठीक आहे. थोर कल्पना समजायला वेळ लागतो.
डबा कुठे पुरला ते नीट आठवत नाही. आंब्याजवळ की टाकीजवळ. मिळेल. ह्यांच्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत त्यावर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
लिखित साधने. ह्यांच्या पुस्तकातून ब्राह्मी अक्षरं पुठ्ठ्यावर उतरवून नेली. बेडश्याच्या लेण्यात हीच लिपी आहे. मुलांनी पुठ्ठे अक्षरशः हिसकावून घेतले. आकाश सुद्धा जागा. कोण म्हणतं आजच्या मुलांना गोडी नाही?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
वर्गात शिरले तर फळ्यावर ब्राह्मीत एक ओळ. आपणहून लिहिलेली! वर्ग माझ्याकडे बघत होता. मला ती पटकन लागेना. म्हटलं, घरी जाऊन अभ्यास करून सांगते. वहीत उतरवून आणली.

२३ नोव्हेंबर, रविवार.
ओळ लागली. सरकाकू लय बोअर.
काना-मात्रा अचूक. तीन दिवसांत एवढी प्रगती मी तरी पाहिलेली नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
आज साधनांची चिकित्सा. चार प्रश्न फळ्यावर लिहिले. कोणी लिहिलं? कधी लिहिलं? कशासाठी? दुसरं कोण तेच सांगतं?
विश्वसनीय लिखित साधनाचा नमुना म्हणून ह्यांची टाचण वही दाखवली. विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, पण नमुना चांगला हवा. नऊ नोंदी मोठ्याने वाचल्या.
हमदान उठला. कामशेतच्या किराणा दुकानवाल्यांचा मुलगा. कुठल्याही तारखेचा वार तोंडी काढतो, आजोबांनी शिकवलंय म्हणे. म्हणाला, सरकाकू, २०१७ च्या सतरा डिसेंबरला रविवार होता.
मी म्हटलं, शिकवायची ओढ असलेल्याला वार नसतो.
वर्ग शांत बसला. माझा मुद्दा पोचला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
आज कमाल झाली. मी जायच्या आधीच सगळे जागेवर. मागचे पुढे येऊन बसलेले. मी काही न करता!
हमदान म्हणाला, २०२० च्या डिसेंबरात आपली शाळा कोरोनामुळे बंद होती. तरी नोंद आहे.
मी म्हटलं, ऑनलाइन नेलं असेल.
सृष्टीने विचारलं, पायऱ्या ऑनलाइन कशा चढतात? सृष्टी हुशार आहे, पण प्रश्नाला शिस्त हवी. सगळे हसले. मी हसले नाही. घरी आल्यावर सरपंचबाईंच्या ब्लाउजची बाही उलटी लावली. बॉबिन खराब आहे.

२ डिसेंबर, मंगळवार.
सृष्टी मौखिक साधन घेऊन आली. तिची बहीण २०१९ ला नववी ब मध्ये होती. ताई म्हणती, बेडश्याला आमी कवाच गेलो न्हाई, सतरा डिसेंबरला आमी दिवसभर खो-खो खेळलो. सर साडेअकराला सायकल घेऊन गेले, ते मुलींना ठाऊक होतं, कारण मग खो-खोला पंच उरला नाही.
मी म्हटलं, मौखिक साधनात स्मृतिदोष असतो. पान तेवीस.
मग आकाश उठला. जूनपासून पहिल्यांदाच असावा. म्हणाला, सगळ्या वर्षांचे शब्द सारखे हायेत, म्हंजी सरांनी मागच्या वर्षीचं बघून उतरवलं, रविवार आला तरी त्यांना कळलं न्हाई. मी तसंच करतो तवा मला छडी का?
मी त्याला खाली बसवलं. हे कोणाचं बघून लिहिणारे नव्हते. स्वतःचं तर मुळीच नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार.
तब्येत बरी नव्हती म्हणून तास घेतला नाही. तब्येत बरी आहे.
ठरवलं, रविवारी स्वतः बेडश्याला जाऊन पुरावा आणायचा. नऊ वर्षं चाळीस-चाळीस पोरं येऊन गेली असतील तर कोणी तरी पाहिली असणार. मग बघते नववी ब कडे.

७ डिसेंबर, रविवार. दुपारी तीन.
चारशे पायऱ्या चढले. सात ठिकाणी थांबले, ते निरीक्षणासाठी. वर गार वारा, ते उंच खांब, खांबांवर माणसं बसलेले घोडे आणि हत्ती. शिलालेखातली तीन अक्षरं वाचता आली. ह्यांना सांगायला वळले. असो.
खाली पायथ्याशी महिपती आबांची चहाची टपरी. वीस वर्षं तिथेच आहेत. त्यांना विचारलं. म्हणाले, सोपान सर व्हय? वळखतो की. लय भला माणूस, एकडाव यष्टी बंद पडली तवा हितं बसलं होतं, चा पिऊन गेलं. पर वर? वर न्हाई गेलं कवा. गुडघं दुखत्यात म्हणलं.
मी विचारलं, आणि शाळेची मुलं?
म्हणाले, पुण्याच्या शाळा येत्यात, मुंबईच्या येत्यात. टाकव्याची एकबी न्हाई. जवळचा दगुड कोण बघतंय, मावशी?
आबांचं वय सत्तरच्या पुढे. स्मृतिदोष.
गुडघ्यांचं मात्र खरं होतं. ते मलाच ठाऊक होतं.

९ डिसेंबर, मंगळवार.
आजसाठी पक्कं टाचण केलं होतं. टपरीवाले गावाला गेले होते, भेट झाली नाही, असं सांगायचं आणि पुढचा धडा घ्यायचा.
तोंड उघडायच्या आत सृष्टी उठली. सरकाकू, तुम्हीच सांगितलंय, कागदावर संशय आला तर त्या माणसाच्या जवळच्याला विचारायचं. त्या दिवशी सर कुठे असायचे, ते सगळ्यात जवळच्या माणसाला माहीत असणार.
अडतीस जण माझ्याकडे बघत होते. मी फळ्याकडे वळले आणि म्हटलं, वलवणला.
कोणाबरोबर, असं कोणी विचारलं नाही. हमदानने विचारलं, कशाने जायचात? म्हटलं, एसटीने. सृष्टीने विचारलं, खायचात काय? शेंगा. टरफलं कुठं टाकायचात? म्हटलं, टाकायचो नाही, सर शर्टच्या खिशात भरायचे. धरणाच्या काठाला घाण नको म्हणायचे. मग दुसऱ्या दिवशी कपडे धुताना बादलीभर टरफलं तरंगायची आणि मी चिडायचे. नऊ वर्षं चिडले. त्याच्या आधीची वर्षंही असतील.
आकाश वहीत लिहून घेत होता. मी जाऊन बघितलं. भौतिक साधन: टरफलं.
घंटा झाली तरी कोणी उठेना. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले. धड्याचं एक पान सुद्धा पुढे सरकलं नाही. तास वाया गेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
अनिता मॅडमनी बोलावलं. आधी क्षेत्रभेट. म्हणाल्या, गाडी आणि पालकांची पत्रं वेळेत होणार नाहीत, जानेवारीत बघू. आणि जानेवारीत राजेश्वरी मॅडम नेतील. कोण राजेश्वरी? नवीन शिक्षिका, बी.एड., अठराला रुजू होणार.
मी म्हटलं, बी.एड.मध्ये पायऱ्या चढायला शिकवतात का?
 मॅडमनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, मुलांनी मला सगळं सांगितलं. मला आधीपासून ठाऊक होतं. रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. सर दर डिसेंबरला कोरा अर्ज घेऊन यायचे, कारणाच्या रकान्यापाशी पेन अडायचं, आणि कोराच अर्ज घडी घालून परत न्यायचे. एकदा मीच म्हटलं, सर, टाचणात क्षेत्रभेट लिहा, मी सही करते, वर्ग मैदानावर सोडते. मग दर वर्षी तेच उतरवत गेले.
मी म्हटलं, एवढं काय त्यात? लिहायचं सरळ, बायकोला फिरायला नेतो.
मॅडमनी विचारलं, तुम्ही लिहिलं असतं?
मी ताडकन हो म्हटलं.
(वलवणचं मी अजून माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही.)

१६ डिसेंबर, मंगळवार.
शेवटचा तास. पाणावलेल्या डोळ्यांनी निरोप वगैरे प्रकार मला आवडत नाहीत. सरळ धडा घेतला. वर्ग ऐकत होता, म्हणजे खरंच ऐकत होता. मला फरक कळायला लागलाय.
आकाशने पितळी डबा आणून टेबलावर ठेवला. प्लंबर पाइप बदलायला आला तेव्हा सापडला, आंब्याजवळ नाही आणि टाकीजवळही नाही. कुदळीचा पोचा पडलाय, ह्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर. आकाश म्हणाला, वाचता येतंय की.
राजेश्वरी मॅडमना सांगून ठेवणार आहे, ह्या मुलाला झोपू द्या, पण मध्ये मध्ये विचारत जा.

१७ डिसेंबर, बुधवार. सकाळी अकरा.
अनिता मॅडमना वही आज पूर्ण हवी होती. उद्या ती राजेश्वरी मॅडमकडे जाईल. आजच्या तारखेपुढे जागा रिकामी होती.
ह्यांच्याच पेनने लिहिलं. क्षेत्रभेट: बेडसे लेणी. विद्यार्थ्यांनी आनंदाने भाग घेतला. कोणाचं बघून लिहावं लागलं नाही, पाठ झालंय.  आणि नऊ नोंदी ह्यांनी लिहिल्या असतील, पायऱ्या मी चढलेय.
मॅडमनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. साडेअकराची एसटी मिळेल.

त्याच दिवशी. संध्याकाळी सहा.
वलवण. गेली दोन वर्षं गेले नव्हते. धरणात पाणी भरपूर. आमच्या जागेवर कॉलेजातली पोरं फोटो काढत होती. मी थोडी पलीकडे बसले.
शेंगांची एक पुडी घेतली. सगळी खाल्ली. वेळ लागला.
मग हातात ओंजळभर टरफलं आणि ती ठेवायला जागा नाही. तीस वर्षं लोकांना खिसे शिवून दिले. साडीला खिसा नसतो, हे आज लक्षात आलं.
तशीच मुठीत घेऊन स्टँडपर्यंत आले. तिकीट काढताना कंडक्टरला वाटलं, मुठीत सुटे पैसे आहेत. म्हणाला, मावशी, मूठ उघडा.