नऊ जणांनी खाल्लेला डोंगर

लालबाग, मंगळवार

चि. लवूभावोजी,

मागल्या मंगळवारी पहाटे पाणी भरलं, तांदूळ निवडले आणि शेगडीसाठी कोळसे फोडायला बसले. पोत्यात एक तुकडा धड जळला नव्हता, साल तशीच होती. आपल्या डोंगरावर असते त्या किंजळीची. तो हातात घेऊन बसले ती पहिल्या पाळीचा भोंगा होईपर्यंत. (आशीर्वाद लिहायचा राहिलाच. तुम्हांला आणि अंबिकेला अनेक आशीर्वाद. तुमची कंबर कशी आहे? मी बरी आहे, पाय तेवढे एका जागी ठरत नाहीत.) वखारवाल्याला विचारलं तर म्हणाला, माल तुमच्याच तालुक्यातला, बाई, गलबताने येतो. आणि त्याच दुपारी तुमचं पाकीट आलं, की आपला वरचा डोंगर कोळशाच्या ठेकेदाराला द्यायचा आहे, दादांच्या वाट्यासाठी कागदावर माझी सही हवी.

तुम्हांला ठाऊकच आहे, दुपारी खाणावळीची भांडी झाली की मी वाचनालयात जाते. (तिथला कारकून मला अजून पाकक्रियेची पुस्तकंच काढून देतो.) तिथे एका मासिकात कुणा प्राध्यापकाचा लेख होता. देश काय खातो आणि कशावर शिजवतो, त्यावर त्या देशाचे डोंगर आणि नद्या उरतात की नाही ते ठरतं, असं त्यात होतं. मी घरी येऊन हिशेब मांडला. माझ्याकडे जेवणारे नऊ जण, सगळे आपल्याच बाजूचे गिरणीकामगार, दोन्ही वेळा भात. महिन्याला तीन पोती कोळसा. म्हणजे ही माणसं लालबागेत बसून गावचा डोंगर खातात, आणि वाढते मी. हे कळल्यावर झोप कुठली?

दुसऱ्या दिवशी भाताऐवजी नाचणीच्या भाकऱ्या केल्या आणि ताटं मांडताना सगळ्यांना लेख समजावून सांगितला. सगळे ऐकत होते. मला वाटलं, पटलं. मग बुधाजी म्हणाला, "वयनी, नाचणी काय आभाळातसून पडता? डोंगर जाळूनच नाचणीची वरकस जमीन करतत ना?" हे प्राध्यापकाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. नवांपैकी सात जण त्या रात्री इराण्याकडे पाव खायला गेले.

मग त्याच मासिकाच्या मागल्या पानावरचा उपाय केला. भात अर्धा शिजवायचा, पातेलं पेंढ्यात आणि जाड कांबळ्यात घट्ट बांधून ठेवायचं, उरलेला तो आपल्या वाफेवर शिजतो. कोळसा निम्मा. जाड म्हणजे घरात तुमच्या दादांची घोंगडी तेवढी होती. दोन वर्षं ती मी ट्रंकेतून काढली नव्हती. काढली. वरून सतरंजी गुंडाळली, सुंभाने आवळली आणि ते गाठोडं दाराशी ठेवलं.

आता त्याच दिवशी नऊ जणांतला आमचा कोंडीराम संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला निघाला होता. (मुंबई आपल्याला मिळावी असं मलाही वाटतं. पण मुंबईने आपल्याला खाऊन संपवल्यावर मिळून काय करायची, हेही वाटतं.) सत्याग्रहींच्या वळकट्या गोळा करायला समितीची दोन माणसं हातगाडी घेऊन चाळीत आली. मी नळावर होते. त्यांनी दाराशी दिसली ती वळकटी उचलली. "कोंडीराम कायदेभंगाला जातो का संसार मांडायला?" असं एक जण वजनाने वाकून म्हणाल्याचं शेजारच्या सुभद्राबाईंनी ऐकलं, आणि हसल्याही. थांबवलं मात्र नाही.

इकडे आठ माणसं कामावरून येऊन रिकाम्या ताटांपुढे बसली. तिकडे सत्याग्रहींना पकडून नेलं त्या चौकीवर हवालदाराने वळकटीत काय लपवलंय म्हणून सुंभ कापला, आणि वाफ तोंडावर आली. बारा सत्याग्रही आणि चार पोलीस एकाच पातेल्यातून जेवले. सुटल्यावर कोंडीराम सांगत होता, "भात फर्मास शिजलो होतो. मीठ जरा कमी."

घोंगडी परत मिळाली. तिला आता दादांचा वास नाही, भाताचा आहे. मी अजून धुतली नाही.

सहीचं बघते. अंबिकेला जपा.

तुमची वहिनी,
राधा

ता. क. बघते असं वर लिहिलं ते भिडेने. दादा शेवटी इस्पितळात होते तेव्हा रोज एकच विचारत, झऱ्याला पाणी आहे का. मी रोज आहे म्हणायची. झाडं गेली की झरा जाईल, आणि झरा गेला की तुमचं खालचं भाताचं शेत. भावोजी, डोंगर देऊ नका. ठेकेदाराला माझं नाव सांगा, वहिनी वेडी आहे म्हणून सांगा.

आणखी ता. क. मोठं शहाणपण सांगते आहे, पण हे लिहिताना शेगडीवर त्याच पोत्यातला कोळसा आहे. भाजणी भाजायची होती, ती गाठोड्यात भाजत नाही.

बुधवार. काल टपाल चुकलं म्हणून इथेच लिहिते. आज सकाळी तुमच्या कागदावर 'माझी संमती नाही' असं लिहून खाली सही केली आणि परळच्या पोस्टातून रजिस्टरने पाठवला. येताना वखारीत गेले आणि पोत्याऐवजी अर्धं पोतं मागितलं.