फरार आरोपी निर्मला मगदूम हिच्या चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्याबाबत

दिनांक : ११ ऑक्टोबर २००४

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
कडलहट्टी पोलीस ठाणे,
ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर.

अर्जदार : दानेश्वरी मल्लाप्पा मगदूम, धंदा पिठाची गिरणी, रा. कडलहट्टी.

विषय : माझी धाकटी बहीण निर्मला ही फरार नसून परदेशात गणित शिकवीत असल्याने तिला वर्तणुकीचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या ठाण्याने वर पाठवलेला अहवाल : ‘गुन्हा दाखल आहे, आरोपी फरार.’
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) त्या तिन्ही अर्जांवर हवालदार बाळासो यांचे तोंडी उत्तर : ‘बघूया की.’

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असून पुढचे वाचन गिरणीत बसून, वर्तमानपत्रांवर झालेले आहे. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका काढून अर्ज परत करू नये. मागचा अर्ज समास सोडला नाही म्हणून परत आला. या वेळी समास एवढा सोडला आहे की त्यात आपले उत्तरही मावेल. मी माहेरी का राहते हे हवालदार साहेबांनी प्रत्येक वेळी विचारले आहे. तो या अर्जाचा विषय नाही.

२. आपण या ठाण्यात नवीन आहात, म्हणून माझा आपल्यावरचा राग निम्माच आहे हे आधी सांगते. उरलेला निम्मा कुणावर हे पुढे येईलच.

३. निर्मला बी.एस्सी. बी.एड. असून जानेवारी २००२ पासून आफ्रिका खंडातील बोत्सवाना या देशात एका शाळेत गणित शिकवते. तिचा करार येत्या डिसेंबरात संपतो. शाळेला ती हवी आहे, तिला शाळा हवी आहे, पुढच्या वर्षी मोठ्या मुलींचा परीक्षेचा वर्ग तिलाच द्यायचा ठरले आहे. परंतु तिकडे नवीन नियम निघाला की, बाहेरून आलेल्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या देशातील पोलिसांचा दाखला आणावा. नियम चांगला आहे, माझी त्यास हरकत नाही. लेकरांपुढे कोण उभे आहे ते कळलेच पाहिजे. निर्मलाने तिकडच्या आपल्या वकिलातीत रीतसर अर्ज केला. तो कागद समुद्र ओलांडून दिल्लीस, तेथून मुंबईस, तेथून कोल्हापुरास व शेवटी आपल्या ठाण्यात आला. एवढ्या लांबून आलेल्या कागदावर हवालदार बाळासो यांनी दोनच ओळी लिहिल्या व त्यातली दुसरी ‘फरार’ ही आहे.

४. हे कळल्यावर निर्मलाचा गिरणीशेजारच्या बूथवर फोन आला. म्हणाली, “अक्का, मी काय केलं गं?” मी म्हटले, “ठाण्यात इचारून सांगतो.” कारण तिने काय केले हे मलाही ठाऊक नव्हते. ते विचारायला मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात आले.

५. गुन्ह्याचा कागद मी स्वतः वाचला. विनापरवाना मिरवणूक काढणे, विनापरवाना वाद्ये वाजवणे, रहदारीस अडथळा करणे व बेकायदा जमाव जमवणे. आरोपी : ‘कु. निर्मला मल्लाप्पा मगदूम, बी.एस्सी. बी.एड., व इतर शंभर ते दीडशे अनोळखी इसम.’ आरोपीची पदवी लिहिलेला गुन्हा जिल्ह्यात दुसरा असल्यास मला दाखवावा.

६. आता त्या दिवशी काय झाले ते लिहिते, कारण आपण तेव्हा येथे नव्हता. आमच्या गावात काहीही चांगले झाले की मिरवणूक निघते. पोरगा मिलिटरीत लागला, मिरवणूक. गेल्या साली एक म्हैस प्रदर्शनात पहिली आली, तिचीही निघाली. त्या म्हशीवर गुन्हा दाखल झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तर गावची मुलगी शिकवायला परदेशी चालली म्हटल्यावर आमच्या गल्लीतले पिराजी यांनी ट्रॅक्टर काढला, हलगीवाले सांगितले, पोत्याने गुलाल आणला. निर्मला मला म्हणाली, “अक्का, मला ट्रॅक्टरवर नगं बसवू देऊस. मी आपली यष्टीनं जातो की.” मी पिराजींना तसे सांगितले. त्यावर पिराजी म्हणाले, “तू गप. पोरगी हितनं आफ्रिकेला चालली, आन् यष्टीनं जाऊ दे म्हणतीस? लोकं आमच्या तोंडात शेण घालतील!” बायकांनी तिला दोन्ही दंडाला धरून वर चढवले. ती चढली नाही, चढवली गेली. कायद्यात हा फरक असेल असे मला वाटते.

७. ऊसतोडीचा हंगाम होता. समोरून उसाच्या गाड्या, मागून गडहिंग्लजची एस.टी., मधे ट्रॅक्टर व ट्रॅक्टरपुढे आमचा गाव. मारुतीच्या देवळापासून स्टँडपर्यंतचे अंतर चालत विडी संपेपर्यंतचे. त्या दिवशी दुपार तेथेच गेली. एस.टी.तले पावणे आधी ओरडले, मग खाली उतरले, मग नाचले. कंडक्टरही उतरला. मात्र उसाच्या गाड्यांमागे कुणा मोठ्या साहेबांची गाडी अडकली होती, ते उतरले नाहीत व नाचलेही नाहीत. त्यांनी ठाण्यास विचारणा केली. म्हणून संध्याकाळी गुन्हा नोंदवायची वेळ आली.

८. गुन्हा नोंदवायचा तर नाव पाहिजे. नाव कुणी सांगेना. तेव्हा हवालदार बाळासो यांनी ट्रॅक्टरला बांधलेल्या कापडी फलकावरचे नाव उतरून घेतले. फलकावर ‘हार्दिक अभिनंदन’ हेही लिहिले होते, ते तेवढे त्यांनी सोडले. बाकी सगळा गाव त्यांनी ‘अनोळखी’ लिहिला. साहेब, हवालदार बाळासो यांची आत्या आमच्याच गल्लीत दिली आहे. हलगीपुढे सर्वांत शेवटपर्यंत नाचले ते तिचे यजमान. आणि खुद्द हवालदार साहेबांना पिराजींनी त्या दिवशी फेटा बांधला होता. फोटो सोबत जोडला आहे. डाव्या हातात नारळ आहे, उजव्या हातात गुलाल आहे, काठी दिसत नाही.

९. निर्मला त्याच रात्री मुंबईस गेली व तिसऱ्या दिवशी विमानात बसली. यास ठाण्याने ‘आरोपी गुन्हा करून परदेशी पळून गेली’ असे लिहिले आहे. पासपोर्टसाठी हिची चौकशी याच ठाण्याने केली होती व ‘वर्तणूक चांगली’ लिहिले होते. अख्ख्या गावाने वाजतगाजत स्टँडवर पोचवलेला फरार माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

१०. मी हवालदार साहेबांना म्हटले, “अहो, ती फरार कशी? तिचा पत्ता तुमच्या हातातल्या कागदावर हाय. शाळा हाय, फोन नंबर हाय, कंच्या वर्गाला शिकवती ते बी हाय.” त्यावर ते म्हणाले, “पत्ता हाय म्हणून काय झालं बाई? सापडली न्हाय की.” मी म्हटले, “तुम्ही हुडकली कुठं?” म्हणाले, “आफ्रिकेला जायला जीपला डिझेल कोण देणार, तुझी गिरणी?” मग थोडे गोड बोलून म्हणाले, “तिला घिऊन या. कोर्टात हजर करा. गुन्हा कबूल म्हणायचं, थोडा दंड भरायचा, चहा प्यायचा, मोकळी.” मी विचारले की कबूल केल्यावर दाखला कसा मिळेल. ते म्हणाले, “मिळंल की. त्यात शिक्षा झाली म्हणून लिवू.”

११. म्हणजे परिस्थिती अशी आहे. ती न आली तर फरार. आली तर गुन्हेगार. ती यायची तर शाळेतून रजा पाहिजे, परत जायचे तर नवीन करार पाहिजे, करारास दाखला पाहिजे, आणि दाखल्यासाठी ती यायला पाहिजे. मी गिरणीवाली आहे, जाते गोल फिरते हे मला माहीत आहे. पण त्यातून निदान पीठ तरी पडते.

१२. मी फोनवर कळवलेला गुन्हा निर्मलाने शाळेत जसाच्या तसा सांगितला. तेव्हा तिकडे शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून विचारले की, दीडशे लोकांचा जमाव घेऊन तू कशासाठी रस्ता अडवला होतास, तुमची मागणी काय होती? निर्मलाने सांगितले, मागणी नव्हती, माझा निरोप समारंभ होता. बाईंना ते पटेना. निरोपाला ट्रॅक्टर कशाला, असे त्या विचारतात. हे आफ्रिकेतल्या माणसाला कसे समजावायचे ते हवालदार साहेबांनीच इंग्रजीतून लिहून द्यावे. वर्गात बातमी पसरल्यापासून मुली चिडीचूप बसतात, उदाहरणे वेळेत सोडवतात, एवढाच काय तो फायदा. पण भीतीने सोडवलेले गणित निर्मलाला नको आहे. ती तशी बाई नाही. तिने आजवर कुणाला चापट मारलेली नाही, अगदी मला सुद्धा, आणि मला मारावी असे पुष्कळांना वाटते.

१३. आमची आई, म्हणजे अव्वा, सत्तरीच्या पुढची आहे. तिला कुणीतरी फरार म्हणजे काय ते समजावून सांगितले. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी विचारते, “पोलीस मागं लागल्यावर निर्मला जेवती कवा गं? झोपती कुठं?” मी तिला सांगते की ती शाळेच्या क्वार्टर्समध्ये झोपते. तिला ते खरे वाटत नाही. सरकारी कागद खोटा कसा असेल, असे ती म्हणते. साहेब, हिला आपल्या खात्यावर इतका विश्वास आहे. मला नाही.

१४. शेवटी पिराजींनी गाव गोळा केला. म्हणाले, नाव एकट्या पोरीचे का, आम्ही बी होतो की. गेल्या आठवड्यात सकाळी डेअरीत दूध घालून झाल्यावर सगळे ठाण्यात आले व रांगेत उभे राहिले. प्रत्येकाला ‘तो अनोळखी इसम मीच’ असे लिहून द्यायचे होते, म्हणजे गुन्हा सगळ्यांवर वाटला जाईल व निर्मलाच्या वाट्याला चिमूटभर येईल. हवालदार साहेबांनी विचारले, “नाव?” “पिराजी.” “मग तू अनोळखी कसा? तू तर पिराजी हाईस.” पिराजी म्हणाले, “त्या दिवशी हुतो की अनोळखी! तूच लिवलंयस!” हवालदार म्हणाले, “ते त्या दिवशीचं झालं. आज मी तुला वळखतो. कागदात अनोळखी हाय, मला अनोळखीच माणूस पायजे.” असे करून त्यांनी अख्खी रांग ओळखली व परत पाठवली. त्यांच्या आत्याच्या यजमानांना तर त्यांनी पाया पडून परत पाठवले. मग पिराजींच्या डोक्यात आले की शेजारच्या गावातून अनोळखी माणसे आणावीत. ते मी होऊ दिले नाही, कारण ती माणसे मिरवणुकीत नव्हती आणि आम्ही खोटे करणार नाही.

१५. त्याच रात्री ठाण्यातून नोटीस आली की, परवानगीशिवाय जमाव घेऊन ठाण्यावर आल्याबद्दल कारवाई का करू नये. नोटिशीत नाव एकच आहे, ते माझे. बाकीचे पुन्हा अनोळखी. सकाळी ज्यांना एकेक करून ओळखले, ती माणसे रात्रीपर्यंत अनोळखी कशी झाली याचा खुलासा व्हावा. माझ्याविरुद्धची नोटीस मात्र चालू ठेवावी, मला कुठे परदेशी जायचे नाही. मी गिरणीतच आहे, लाइट असेल तेव्हा सापडते.

१६. सबब विनंती अशी. निर्मला निर्दोष आहे असे लिहा, असे मी म्हणत नाही. ते लिहायला कोर्ट लागेल, आणि कोर्टाची तारीख डिसेंबरच्या आत पडणार नाही हे मला कळते. गुन्हा खोडा, असेही म्हणत नाही. खोडलेला कागद तिकडे कुणी घेणार नाही. माझी मागणी एवढीच की, काय घडले ते जसेच्या तसे लिहून द्यावे. मजकूर तयार करून देते :

‘सदर महिला या ठाण्याच्या हद्दीत एके दुपारी ट्रॅक्टरवर बसली होती. ती स्वतःहून चढली नव्हती. तिच्या मांडीवर पिशवी होती व ती तिने दोन्ही हातांनी धरली होती. डोळ्यांत गुलाल गेल्यामुळे व घर सोडून चालल्यामुळे ती रडत होती. गावातले लोक तिच्यापुढे आनंदाने नाचत होते व त्यामुळे रस्ता अडला. तिच्याबद्दल या ठाण्यास याहून वाईट काहीही माहीत नाही.’

खाली सही करून शिक्का मारावा. मजकूर खरा असल्याने सही करताना हात अडखळायचे कारण नाही. ही लेकरांपुढे उभी राहायला लायक आहे की नाही, ते मग त्या मोठ्या बाई वाचून ठरवतील.

आपली,
येत्या सोमवारपर्यंत नम्र,

(सही)
दानेश्वरी मल्लाप्पा मगदूम
कडलहट्टी

सोबत :
१) फोटो, फेट्यासह.
२) शाळेच्या मोठ्या बाईंचे इंग्रजी पत्र. त्यांना निर्मला हवी आहे असे त्यात दोनदा लिहिले आहे.
३) कोरा कागद, दाखला लिहिण्यासाठी. ठाण्यात कागद संपला आहे असे उत्तर मिळू नये म्हणून.