कंपनी उतरू दे

आबा,

भट्टीसमोर उभं राहून तळपाय भाजून घेतलेले तुम्ही, चाकणच्या लाइनवर पाळीच्या पाळी उभा राहिलेला मी, आणि गावाकडून आपल्यासारखेच इथं आलेले सगळे, आपली एक तक्रार सारखी आहे. या पट्ट्यात माणसाला उघडा पाय टेकायला माती उरलेली नाही. सिमेंट, डांबर, फरशी, पुन्हा सिमेंट. ही तक्रार मी कित्येक वर्षं माईकवरून मांडतो आहे. माझा आवाज चढतो, माणसं टाळ्या वाजवतात, कुणीतरी शाल घालतं. तुम्ही ती कधी मांडली नाहीत. तुम्ही दोन कॅन भरून चालू लागलात. येत्या रविवारी चिखलीत, आपल्या त्याच नाल्याकाठच्या पट्टीवर, झाडं लावायचा कार्यक्रम आहे आणि मुख्य वक्ता मी आहे. भाषण लिहायला बसलो. पहिल्या ओळीत 'बंधूंनो' लिहायचं होतं, तिथं तुम्हाला हाक मारली गेली.

मी लहान होतो तेव्हा आपल्या दोन खोल्या त्या पट्टीला लागूनच होत्या. तुमची पहिली पाळी सुटते, सायकल दाराशी लागते, पण तुम्ही आत येत नाही. मागच्या बाजूला जाऊन बूट काढता. बारा किलोमीटर सायकल मारूनही भट्टीची धग तुमच्या अंगात असते. जाड बुटांत दिवसभर घामात भिजलेले तळपाय पांढरे पडलेले, सुरकुतलेले. आईनं भांडी घासलेलं पाणी जिथं जातं तिथं तुम्ही अळू लावलेला आहे, पलीकडे एक शेवगा आहे, त्या ओल्या मातीत तुम्ही पाय रोवून उभे राहता. डोळे मिटलेले नसतात, हात जोडलेले नसतात, ओठ हलत नाहीत. नुसते उभे. आत आई स्टोव्हवरचं पातेलं उतरवत ओरडते, "च्या गार व्हायलाय. येताय का तिथंच रोवून घेताय सोताला?" तुम्ही म्हणता, "थांब की जरा. कंपनी उतरू दे." आई माझ्याकडं बघून म्हणते, "बघ तुझ्या बापाला, पालवी फुटंल आता." मी खदखदून हसतो. तुम्हीही हसता, पण हलत नाही.

कंपनी उतरणं हा आपल्या घरातला शब्द होता. त्याचा अर्थ मला एका दिवशी कळला. नाल्याचं पाणी वर आलं होतं, मागं चिखल आणि घाण होती, म्हणून तुम्ही सरळ घरात आलात. माझी पाटी तुमच्या वाटेत पडलेली होती. एवढ्याच कारणावरून तुम्ही मला मारलंत, आणि मग स्वतःच्या हाताकडं बघत बसलात. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर तुम्ही मला सोबत घेऊन मागं गेलात, माझ्याही चपला काढायला लावल्यात. मी विचारलं, "आबा, हे देवाचं असतं का?" तुम्ही म्हणालात, "देवळात गेलं की तोंडातून मागणंच निघतं, लेकरा. हितं काय मागावंच वाटत न्हाई. डोकं गप ऱ्हातं, मंग हात बी गप ऱ्हातो." पुढं मी झाडांवर, श्वासावर, शरीरावर आणि मनावर पुष्कळ पुस्तकं वाचली. त्या सगळ्यांत मला जे सापडलं ते तुम्ही त्या दिवशी तीन वाक्यांत सांगून टाकलं होतं. तरी व्यासपीठावर मी पुस्तकांची नावं घेतली. तुमचं नाव घेतलं नाही.

उलट तुमचा शब्द उचलला. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी याच पट्टीवरच्या झाडं लावायच्या कार्यक्रमात मी गरजलो होतो, "कामगाराला औषधाच्या आधी झाड द्या. पाळी सुटल्यावर कंपनी अंगातून उतरवायला त्याला चार हात माती द्या." मांडव उठून उभा राहिला. जणू तो शब्द मला वाचता वाचता सुचला होता. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. परत येताना स्कूटरवर मागून एवढंच म्हणालात, "बोललास चांगलं. त्या रोपांना पाण्यासाठी आळी केली का कुणी?" मी म्हणालो, "होईल ते." आळी कुणी केली नव्हती. फोटो निघाले होते आणि सगळे वडापाव खायला गेले होते.

पावसाळाभर त्या रोपांना कुणाची गरज नव्हती. दिवाळी झाली, जमीन तडकू लागली, आणि तुम्ही सुरू केलंत. एव्हाना खोल्या पाडून तिथं वर्कशॉप झाली होती आणि आपण पाचव्या मजल्यावर राहायला आलो होतो. रोज ऊन कलल्यावर तेलाचे दोन रिकामे कॅन खालच्या नळावर भरायचे, सायकलच्या हँडलला अडकवायचे आणि निघायचं. चार-चार फेऱ्या. यायचात तेव्हा पायजम्याला चिखल आणि चेहरा धुतल्यासारखा. साखर आटोक्यात होती, जेवण जात होतं, सुनेशी थट्टा चालायची. मला हे दिसत होतं. मला दुसरंच खुपत होतं. कंपनीच्या कँटीनमध्ये एक जण सगळ्यांदेखत म्हणाला होता, "राव, भाषण तुमचं, फोटो तुमचा, आणि पाणी म्हाताऱ्याचं. चांगली वाटणी केलीय घरात." सगळे हसले. मीही हसलो, आणि ते हसू गिळून घरी आलो.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. मी तर एक शब्द विसरलेलो नाही. "आबा, उद्यापासून हे बंद. लोक मला नावं ठेवतात."

तुम्ही कॅन खाली ठेवलेत. "तुझ्याच झाडांना घालतोय की."

"माणूस लावतो मी त्यासाठी."

"लाव. तवर मी घालतो."

"तुम्हाला माझी अब्रू कळत नाही का? माझा बाप कॅन वाहतो म्हणून पिंपरीपर्यंत चर्चा आहे."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. भट्टीखात्यात साहेबाकडं बघत असाल तसं. म्हणालात, "बरं." दुसऱ्याच दिवशी मी तुमची सायकल त्या पट्टीसमोरच्या वर्कशॉपच्या वॉचमनला देऊन टाकली. माणूस लावला नाही. लावायचं ठरवलं होतं, मग एक सभा आली, मग दुसरी.

तुम्ही गॅलरीत बसू लागलात. फरशीवर पाय, पायांत मोजे. बोलणं कमी झालं, चिडणं वाढलं, रात्री झोप लागेना. आणि मग तो रविवार. झाडं लावणाऱ्या समितीची चार माणसं माझ्यासोबत घरी आली होती, पुढच्या कार्यक्रमाचं ठरवायला. गॅलरीचं दार उघडं होतं. तुम्ही कढीपत्त्याच्या कुंडीतली अर्धी माती प्लास्टिकच्या टबात काढली होती, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि त्यात दोन्ही पाय सोडून बसला होता. चेहरा कित्येक आठवड्यांनी निवलेला होता. एवढ्या मातीत पाऊल मावत नव्हतं, म्हणून तुम्ही बोटं आत आखडून घेतली होती. पाहुण्यांपैकी एक जण माझ्याकडं बघून गालात हसला. मी म्हणालो, "काय हे आबा, लहान मुलासारखं." टब उचलला, माती परत कुंडीत ओतली, फरशी पुसायला लावली. तुमचे पाय ओले तसेच मोज्यांत गेले. मग दिवाणखान्यात बसून आम्ही विषय ठरवला: निसर्गाशी नातं, निरोगी जीवन.

तो विषय मी मांडला, आबा. चांगला मांडला.

तुम्ही त्याच थंडीत गेलात. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं आणि ते खरं असणार. मातीनं तुम्हाला वाचवलं असतं, असं मी म्हणत नाही. भाषणात कदाचित म्हणेन, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण शेवटच्या महिन्यांत कंपनी तुमच्या अंगावरून उतरली नाही, आणि ती कंपनी भट्टीची नव्हती, माझी होती. आज माझं ब्लडप्रेशर गोळ्यांवर आहे, झोप तुटते, घरात सगळ्यांवर आवाज चढतो. परवा मी सुनबाईवर, म्हणजे माझ्या मुलाच्या बायकोवर, चमचा पडला म्हणून ओरडलो आणि नंतर स्वतःच्या हाताकडं बघत बसलो. तुमच्यासारखा. फरक इतकाच की तुम्हाला दुसऱ्या दिवशी कुठं जायचं ते ठाऊक होतं.

म्हणून काल पाळी सुटायच्या वेळी पट्टीवर गेलो. आयोजकांनी खड्डे काढून ठेवलेत, जवळजवळ त्याच जागी, जिथं आम्ही मागंही काढले होते. सगळी रांग मेलेली आहे. फक्त शेवटी चार झाडं उभी आहेत, दोन करंज, दोन कडुनिंब, माझ्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच. खाली गार सावली होती. समोरच्या फाटकातून तोच वॉचमन आला, आता पार पिकलेला. तुमची सायकल त्याच्या मागं भिंतीला टेकलेली होती, हँडलला दोन्ही कॅन. मी विचारलं, "हे कॅन तुमच्याकडं कसे?"

"आबांनीच आणून दिले की, साहेब. चालत आले होते. म्हणले, सायकल घेतलीस तर ह्ये बी घे. सगळी जगायची न्हाईत, तुझ्यानं हुईल तेवढीच धर, पन धरलेलं सोडू नको. मी ही चार धरली."

"मी सायकल दिली तेव्हा मला काही म्हणाला नाहीत तुम्ही."

"मला वाटलं, तुमी त्यासाठीच दिली."

 तो पुढं म्हणाला, "बूट काढून बसा जरा. आबा बसायचे तसं." मी वाकलो. लेसला हात लावला. तेवढ्यात कंपन्या सुटल्या, रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, कुणीतरी ओळखीचा थांबून म्हणाला, "नमस्कार साहेब, रविवारी दणका उडवा बरं का." मी लेस बांधायचं सोंग केलं, उठून उभा राहिलो, आणि त्याला हात केला. बूट काढले नाहीत, आबा. एवढं सगळं लिहूनही ते कबूल करायचं राहिलं होतं. तुम्हाला हे पत्र पोहोचणार नाही, आणि पोहोचणार नाही म्हणूनच मला ते लिहिता आलं.

रविवारचं नेहमीचं भाषण मी आता लिहिणार नाही. त्या वॉचमनला माझ्या खुर्चीवर बसवायला आयोजकांना सांगितलं आहे. माईक हातात आला की तुमचं नाव घेईन, सायकल कुणाची आणि कशी गेली ते सांगेन, आणि मग एवढंच म्हणेन: बंधूंनो, आज लावलेलं रोप उद्या विसरू नका. उद्या पाळी सुटली की घरी जाण्याआधी एक कॅन पाणी घेऊन इथं या, बूट काढा, आणि आपल्या हातानं त्याला घाला.