सोमारी काय म्हणाली

९ मार्च
मिरची! गाडीचं दार उघडलं की आधी शिंका, मग नमस्कार. सिरोंच्याच्या पुढे नदीकाठी तोडणीला नवी टोळी उतरली आहे. निळ्या ताडपत्र्या, दगडांच्या चुली, जिकडेतिकडे लाल वाळवण. सगळे आतल्या जंगलातल्या गावांतले. बायांना गोंडीच येते. मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली — मला कुठली यायला! म्हणून मुखरूभाऊ. आमच्या फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर तेच, बायांचं बोलणं मला सांगणारेही तेच.

सोमारी नावाची एक आली. आठवा महिना. पाय सुजलेले, बीपी जरा वर. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, विचारा म्हटलं. मुखरूभाऊ काहीतरी बोलले, हातवारे केले. ती बोलतच राहिली, बोलतच राहिली. मग भाऊ म्हणाले, "काई नाई सिस्टर. मिरचीनं डोळे जळून राह्यले म्हणते."

एवढं लांब बोलणं आणि उत्तर एवढंसं?

पण डोळे तर सगळ्यांचेच जळतात. माझेही. थेंब दिले, आराम कर म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू.

१० मार्च
तिने डोळे चोळले नव्हते. डोळ्यांपुढून हात फिरवला होता. का?

११ मार्च
दिवसभर दुसऱ्या गावांत. लक्ष नाही. मुखरूभाऊंना पुन्हा विचारलं, ती नक्की काय म्हणाली? "सांगतलं ना तुमाले!" एवढे चिडले कशाला? शेतमालकाशी यांचं बरं जमतं. बाई कामावरून उठू नये म्हणून...? छे! रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं तरी गाडी थांबवणारा माणूस हा. काही कळत नाही.

१२ मार्च
ठरलेला दिवस नसताना गाडी सोमारीच्या टोळीकडेच वळवायला लावली.

सोमारी ताडपत्रीखाली पडलेली. तोंड सुजलेलं. शेजारी दुर्गाबाई — तिची मावशी, कालच गावाहून आलेली. हिला मराठी येते! मी तेच प्रश्न पुन्हा विचारले. दुर्गाबाईंनी ते सोमारीला गोंडीत विचारलं, तिचं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"डोस्कं फुटून राह्यलं म्हणते. डोळ्यासमोर काळं काळं येते. तुमाले तवाच सांगतलं होतं म्हणते, बाई. तुमी डोळ्यात पानी टाकून गेल्या."

बीपी घेतलं. फार वर! लगेच गाडी काढा म्हटलं.

तिचा नवरा चैतू शेतातून पळत आला, तसाच मिरचीच्या हातांनी गाडीत चढला. मुखरूभाऊंनी काय गाडी हाणली! सिरोंच्याच्या दवाखान्याच्या दारातच तिला झटका आला. दात गच्च, डोळे वर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थांबला. मग अॅम्ब्युलन्सने गडचिरोली. दुर्गाबाई बरोबर गेल्या.

मागे वळून पाहिलं तर मुखरूभाऊ पायरीवर बसून रडत होते. हुंदके देऊन!

खोटं सांगणारा माणूस असा रडतो?

१३ मार्च
फोन नाही. मुखरूभाऊ आले नाहीत. मला राग आलाय की भीती वाटतेय, तेच समजत नाही. दवाखान्याच्या साहेबांना सांगू? काय सांगू? की मला संशय आहे — कसला?

१४ मार्च
दुर्गाबाईंचा फोन! ऑपरेशन झालं. मुलगी. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, पण रडते म्हणे. सोमारी शुद्धीवर आली. "तुमचं नाव इचारते," म्हणाल्या.

१५ मार्च
मुखरूभाऊ आले. दारातच उभे. चहा घेतला नाही.

"सिस्टर, मले गोंडी येतच नाई. वडशाचा मानूस मी, आमच्याकडं घरात गोंडी नाई. नोकरीच्या टायमाले इचारलं, येते का. हो म्हटलं. चार-दोन शब्द शिकलो, बाकी अंदाजानं सांगून राह्यलो."

डिसेंबरपासून हेच चाललंय! इतक्या टोळ्या, इतक्या बाया. मी त्यांना विचारत होते, आणि उत्तरं मुखरूभाऊ देत होते.