हात न टेकता

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी बोलले ती श्राद्धाच्या दिवशी, तीही मनातल्या मनात. आज कागद घेऊन बसले आहे, कारण परवा एस.टी. स्टँडवर तो भेटला. तुम्ही मिलला पाठवलेला शेवटचा गडी, ज्याचा गुडघा गेला तो. काठी घेऊन चालतो. आधी त्यानेच मला ओळखलं. तो जे बोलला ते तुम्हाला सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर त्याच्या आधीचंही सांगावं लागेल, जे तुम्ही असताना माझ्या तोंडून निघालं नाही.

तुमच्या त्या कामाचं गावात केवढं अप्रूप होतं. शाळेत ड्रिलमास्तर, आणि मुंबईच्या एका मिलच्या हुतूतू संघासाठी गडी निवडणारे. मे महिन्यात पोह्यांच्या गिरणीमागच्या मैदानावर कॉलेजांचे संघ खेळायला यायचे, आणि त्यांतलं एखादं नाव तुम्ही मिलला कळवायचात. नाव गेलं की संघात जागा आणि मिलमध्ये कारकुनी. पोरांचा जीव खेळात असायचा, घरच्यांचा त्या कारकुनीत. चढाई करणाऱ्यांचं तुम्हाला कौतुक नव्हतं. "दम घेऊन नाचणारे शंभर मिळतात, धरून ठेवणारा एक मिळत नाही," म्हणायचात. तुम्हाला हवा असायचा तो पकड करणारा, कोपऱ्यात उभा राहणारा. हूल दिली तरी जागचा न हलणारा, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघणारा, आणि एकदा घोटा हाती आला की बाकीचे येऊन पडेपर्यंत न सोडणारा. वहीत तीन रकाने होते: पाय, पकड, पडल्यावर. एकदा मी एकाच्या नावापुढे 'चांगला' असं लिहून वाचून दाखवलं तर वही माझ्या पुढ्यात टाकलीत. "चांगला म्हणजे काय? दूध चांगलं असतं. माणसाने काय केलं ते लिही." नुकती मॅट्रिक पास झालेली मी, ते फार लागलं मला. पण तेव्हापासून माणसाबद्दल तो शब्द वापरताना माझी जीभ अडखळते.

वही मी का लिहायची, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आई गेली त्याच वर्षी तुमची नजर जायला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेलं परत येणार नाही म्हणाले. परतीच्या वाटेवर तुम्ही एकच वाक्य बोललात, "हे घराबाहेर जाता कामा नये." उन्हात तुम्हाला अजून आकार दिसायचे. बाकीचं मी शेजारी बसून हळू आवाजात सांगायची, आणि मैदानावरच्या बायका म्हणायच्या, बिनआईची पोर, बापाला क्षणभर सोडत नाही. माजघरात मात्र तुम्हाला पानात वाढलेलं मीठसुद्धा दिसत नव्हतं. मी तुमचं बोट धरून दाखवायची, तेही कोणी नसताना.

आणि नेमकी माजघरातच तुमची शेवटची परीक्षा असायची. मैदानावर अंग तापलेलं असतं, गुडघा खोटं बोलतो, असं तुमचं म्हणणं. म्हणून नाव कळवण्याआधी ज्याला त्याला घरी जेवायला बोलवायचात. पोरांना वाटायचं, केवढा मान. तासभर पाटावर मांडी घालून बसवायचं, गप्पा मारायच्या, सावकाश ताकभातापर्यंत आणायचं, आणि मग उठताना बघायचं. जेवणारा उजवा हात उष्टा. तो सारवलेल्या जमिनीला लावायचा नाही, हे वळण कुठल्याही घरात असतंच. गुडघे धड असलेला पोरगा तसाच उठतो. दुखरा असेल तर डावा हात टेकतो. आणि उष्ट्याचंही भान राहिलं नाही, इतकं दुखत असेल, तर त्याचं नाव कळवायचं नाही. हे बघायचं काम माझं.

मला ते कधीच आवडलं नाही. पानावर बसलेला माणूस देव समजायचा, हे आईचं शिकवणं, आणि इथे देवाला भात वाढता वाढता त्याच्या गुडघ्यावर डोळा ठेवायचा. एकदा बोलून दाखवलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "पाप मला दे. तू फक्त बघ."

परवा भेटलेला तो तेव्हा आला ते खालमानेने. उरणकडच्या मिठागरावरचं घर, त्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. मैदानावर त्याच्याबद्दल मी लिहिलेलं मला अजून पाठ आहे. पाय: हलत नाही. पकड: घोटा, दोनदा. पडल्यावर: आधी दुसऱ्याला उठवतो. ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. जेवताना तुम्ही त्याला विचारता, "आमटीत मीठ बेताचं आहे ना रे?" आणि तो म्हणतो, "मास्तर, मिठागरावरच्या मानसाला ते इचारू नका. आमाला सगळ्या जगाचंच जेवन अळणी." तुम्ही हसता. आई गेल्यानंतर तुम्हाला तसं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी ताक आणायला आत गेले आणि भांडं हातात धरून तिथेच उभी राहिले. ठरवलं, या एकाकडे बघायचं नाही. पाट सरकल्याचा आवाज आला, तो मागच्या दारी हात धुवायला गेला, चूळ भरल्याचं ऐकू आलं, तोवर मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, "कसा उठला?"

"सरळ उठला."

"हात?"

"नाही टेकला."

"बघितलंस ना नीट?"

"बघितलं, अण्णा."

मग मी उष्टं काढायला वाकले. पाटाच्या उजव्या अंगाला जमिनीवर पाच बोटं उमटली होती, आमटीची, मधे भाताची दोन शितं चिकटलेली. डाव्या अंगाला सारवण दबलं होतं. भार दोन्ही हातांवर आला होता. तुम्ही ओटीवर होतात, मध्ये एक उंबरठा. मी शेणाचा गोळा घेतला आणि त्या बोटांवरून फिरवला. हात थांबला नाही माझा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, तुम्ही म्हणाल बघितलं नाहीस तर बघितलं का म्हणालीस. मग वाटलं, त्या घरातल्या पहिल्याच कारकुनीच्या आड आपण का यावं. यातलं कुठलं कारण खरं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. सकाळी तुम्ही मिलचं पत्र सांगितलंत, मी लिहिलं, सहीच्या जागेवर तुमचं बोट नेऊन ठेवलं. पोस्टातही मीच टाकलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आठ महिने तो उत्तम खेळला. मग एका सामन्यात त्याने घोटा धरला, त्याच्यावर सहा जण पडले, आणि गुडघा उलटा वळला. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मिलने त्याला घरी पाठवलं. मिलचे सेक्रेटरी पनवेलला आपल्या घरी आले, चहाही घेतला नाही. "मास्तर, डॉक्टर म्हणतात दुखणं जुनं आहे. गुडघा बघूनच पाठवता ना तुम्ही?" मी दाराआड उभी. तुम्ही म्हणालात, "बघितला होता. माझ्याच डोळ्यांनी बघितला होता. चूक माझी." ते गेल्यावर तुम्ही वही मागितलीत, मांडीवर ठेवलीत आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिलात. त्यानंतर मैदानावर गेला नाहीत. दुपारभर ओटीवर बसून असायचात, कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. लोक म्हणाले, मास्तरांना गर्व होता, तो उतरला. एकदाच, जाण्याच्या आदल्या महिन्यात, तुम्ही म्हणालात, "तो उठला ना त्या दिवशी, तेव्हा..." मग तुम्हीच म्हणालात, "जाऊ दे. पाणी दे." मी पाणी दिलं.

आता परवाचं. मी आपटा गावाला जायच्या गाडीची वाट बघत होते. काठी टेकत एक माणूस आला, डोक्यावरचे केस निम्मे पांढरे. "ताई, वळखलंत का? मास्तरांच्या घरी जेवून गेलेला मी." मिठागरावर पोती मोजून घ्यायचं काम करतो म्हणाला, लग्न झालं आहे, बरं चाललं आहे. मी तुमच्या जाण्याचं सांगितलं. "ठाव हाय," म्हणाला. "मास्तरांएवढा मोठ्या मनाचा मानूस मी पाहिला नाय, ताई. आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं त्यांना, गुडघा सुजतो म्हणून. म्हनाले, घरी ये, जेव, मग ठरवू. जेवून उठलो तर पाय लाकडावानी. दोनी हात टेकले, मास्तरांच्या समोर, उष्टा बी. म्हटलं, संपलं. मास्तरांनी पाहिलं, आन् काय सुदीक बोलले नाय. आन् तरी नाव धाडलं. आठ महिने मी मुंबईत खेळलो, ताई. पाय गेला तो माझ्या नशिबानं. गुरुपौर्णिमेला मास्तरांच्या नावानं नारळ फोडतो मी, दर वर्षी."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, अण्णा. गुडघा सुजतो हे त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि तुम्ही त्याच्यासमोर बसून काहीही न दिसता थांबलात, माझ्या एका शब्दासाठी. तुम्ही मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर मी बघितलं असतं. की सांगितल्यावर मी भिडेने खोटं बोलेन, असं वाटलं तुम्हाला?

त्याला खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. तुम्हाला त्याचे हात दिसले नव्हते, आणि मी ते पुसले. पहिली तुम्ही बाहेर जाऊ देऊ नको म्हणाला होतात. या आडोशाला मी चटकन गेले. म्हटलं, "अण्णा तुमची फार आठवण काढायचे." तेही खरं नाही. तुम्ही त्याचं नाव परत कधी घेतलं नाहीत. त्याचे डोळे भरून आले. आणि मला, अण्णा, त्या काठीसमोर उभी असताना, वाईट वाटण्याच्या आधी हायसं वाटलं. तो कोणालाच दोष देत नव्हता. गाडी आली, त्याने माझी पिशवी वर चढवून दिली, एका हाताने, काठी काखेत धरून.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही रागावणार नाही, आणि दिसत होतं तेव्हाही माझं अक्षर तुम्हाला लागत नव्हतंच. हा कागद देवघरातल्या पोथीखाली राहील. त्याच्या गावाचं नाव मात्र मी गाडी सुटता सुटता विचारून घेतलं आहे. एक पोस्टकार्ड पुरेल. ते घरात आहे, कोरं, आणि आज मी ते बाजूला सारून हा कागद घेतला.